थट्टेचें नाणें आणि घरचा पैसा

अहिल्यानगर जिल्ह्यांतील प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला, तेव्हां शेतकऱ्यांच्या शेअरांमागें शिवारांतला ऊस उभा होता. आज घरोघरचे तरुण विचारतात, ‘मीम’ नाण्यांपैकीं कोणतें वर जाईल? कुत्र्याच्या चित्राचें ‘डोजकॉइन’ २०१३ सालीं थट्टेखातर निघालें. अशा नाण्यामागें ना पीक, ना यंत्र. पुढचें गिऱ्हाईक हेंच भांडवल. म्हणून कोणतें तरेल हें भाकीत व्यर्थ. कोणतें बुडवील, हें मात्र पुष्कळदां ओळखतां येतें. बहुतेक नाणीं मूठभरांच्या हातीं आहेत काय? घेतलेलें विकतां येतें काय? २०२१ मधील ‘स्क्विड’ नाणें बहुतेकांस विकतांच आलें नाहीं. शिवाय नफ्यावर ३० टक्के कर. तोटा मात्र वजा मिळत नाहीं. ज्या पैशावर मुलांचें शिक्षण नि वडिलांचें औषधपाणी अवलंबून आहे, तो या खेळांत घालूं नये.