हिरव्या डब्याच्या आधी

घरात अन्न वाया जाते ते थोडे थोडे, म्हणून ते डोळ्यांवर येत नाही. दोन वाट्या उरलेला भात, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात काळी पडलेली कोथिंबीर, आंबून गेलेले डोशाचे पीठ. एकेका दिवसाचा ऐवज किरकोळ, पण बेरीज मोठी होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरातील दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतातील घरांसाठी हा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. साली, बिया, देठ असे न खाल्ले जाणारे भागही त्यात धरलेले आहेत. चौघांच्या कुटुंबासाठी हे प्रमाण रोजचे सुमारे ६०० ग्रॅम होते.

बेंगळुरूला या प्रश्नाची जाणीव कचऱ्याच्या ढिगांनी करून दिली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे मावळ्ळीपुरा आणि मंडूर या गावांच्या हद्दीत ओतला जात होता. दुर्गंधी, माश्या आणि दूषित पाणी यांनी तेथील ग्रामस्थांचे जगणे अवघड केले. त्यांच्या आंदोलनांनंतर २०१२ मध्ये मावळ्ळीपुरा आणि २०१४ च्या अखेरीस मंडूर येथे कचरा टाकणे थांबले. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशाने ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत शहरभर लागू झाली: ओल्या कचऱ्यासाठी हिरवा डबा, सॅनिटरी व टाकाऊ वस्तूंसाठी लाल डबा आणि सुक्या कचऱ्यासाठी पिशवी. ‘हसी कस’ म्हणजे ओला कचरा आणि ‘ओण कस’ म्हणजे सुका, हे कन्नड शब्द शहरातल्या मराठी घरांतही रुळले.

शहराच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओल्या कचऱ्याचा, म्हणजे मुख्यतः स्वयंपाकघरातला असतो. मोठ्या ढिगाखाली दबलेले अन्न हवेवाचून कुजते आणि त्यातून मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. म्हणून कचरा वेगळा करणे आवश्यकच आहे. मात्र हिरव्या डब्यात नीट वेगळा करून टाकलेला भातही वायाच गेलेला असतो. तो पिकवायला लागलेले पाणी, शेतकऱ्याचे श्रम आणि शिजवायला लागलेला गॅस परत मिळत नाही. खरी बचत डब्याच्या आधी होते आणि तिची सुरुवात खरेदीपासून आहे.

बेंगळुरूत हॉपकॉम्स या फळ-भाजी उत्पादकांच्या सहकारी संस्थेची दुकाने आहेत. १९५९ मध्ये एम. एच. मरीगौडा यांच्या पुढाकाराने तिची सुरुवात झाली. अशा दुकानांत किंवा हातगाडीवर पाव किलो घेवडा आणि चार टोमॅटो मोजून घेता येतात. आठवड्याची भाजी एकदम भरली की निम्मी कोमेजते. दोन-तीन दिवसांपुरती आणि घरात काय शिल्लक आहे ते पाहून घेतलेली भाजी संपते. कोथिंबीर न धुता, मुळे काढून, कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर पुष्कळ दिवस टिकते. केळी आणि कच्चे टोमॅटो फ्रीजबाहेर ठेवावेत. कांदे आणि बटाटे हवेशीर पण वेगवेगळ्या टोपल्यांत असावेत.

शिजवताना भाजीचा जास्तीत जास्त भाग वापरणे ही या प्रदेशाची जुनी रीत आहे. ‘बस्सारू’ हे तिचे उत्तम उदाहरण. पालेभाजी आणि डाळ एकत्र शिजवून पाणी निथळून घेतात. वर उरलेल्या भाजी-डाळीला फोडणी आणि ओले खोबरे घालून कोरडी ‘पल्य’ होते. निथळलेल्या पाण्यात वाटलेला मसाला घालून सार होते आणि ते ‘मुद्दे’ म्हणजे नाचणीच्या शिजवलेल्या गोळ्यांबरोबर खातात. एकाच पातेल्यातून दोन पदार्थ होतात आणि थेंबही ओतून दिला जात नाही. पुरणाच्या डाळीचे पाणी कटाच्या आमटीसाठी राखणाऱ्या मराठी घरांना ही रीत परकी नाही. दोडक्याच्या शिरांची चटणीही दोन्हीकडे आहे. मराठी घरात शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर कुटतात. कन्नड घरात त्यांची उडीद डाळ, चिंच आणि ओल्या नारळाबरोबर ‘हीरेकाई सिप्पे चटणी’ होते.

उरलेल्या अन्नाचेही तसेच आहे. फोडणीचा भात आणि चित्रान्न, पोळीचा कुस्करा, उरलेल्या आमटीत भिजवलेले थालीपीठ, आंबट झालेल्या पिठाचे आप्पे किंवा ‘पड्डू’ ही त्याची चालत आलेली रूपे. यात एक काळजी घ्यावीच लागते. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचे काही विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून उरणार असे दिसताच भात पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

इंधन आणि पाणी हेही अन्नाचेच भाग आहेत. कडधान्य रात्रभर भिजवणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, उकळी आल्यावर आच कमी करणे आणि कुकरमध्ये भात, वरण, बटाटे एकदमच लावणे, एवढ्याने गॅस वाचतो. बेंगळुरूचे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंची चढवून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये या शहराने तीव्र टंचाई सोसली. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना घालण्याची सवय येथे नुसती काटकसर नाही, ती गरज आहे.

इतके करूनही साली, देठ, चहाचा चोथा उरतोच. त्याचे खत घरी होऊ शकते. पूनम बीर कस्तुरी यांनी २००६ मध्ये बेंगळुरूत सुरू केलेल्या ‘डेली डंप’ने त्यासाठी मातीचा तीन मजली ‘कंभ’ घडवला. वरच्या मडक्यात रोजचा ओला कचरा आणि त्यावर सुका पालापाचोळा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा टाकायचा. मडके भरले की ते खाली घेऊन रिकामे वर ठेवायचे. वास येऊ लागला तर पाणी जास्त आणि हवा कमी आहे असे समजून आणखी पाचोळा मिसळून ढवळायचे. पांढरी बुरशी दिसली तरी घाबरू नये; कचरा कुजत असल्याची ती खूण आहे. काही महिन्यांत काळे, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचे खत हाती येते.

घरांबाहेरचे चित्रही मोठे आहे. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने २०१२ च्या सुमारास ७५ मंगल कार्यालयांची पाहणी करून शहरातील लग्नांत वर्षाला सुमारे ९४३ टन चांगले अन्न वाया जाते असा अंदाज मांडला होता. पंगतीतली सवय घरच्या ताटातच लागते. बेताने आणणे, पुरते शिजवणे, उरलेले वेळेत खाणे आणि शेवटी राहील त्याचे खत करणे हा क्रम पाळला, तर हिरवा डबा रोज थोडा हलका होतो आणि शहराजवळच्या आणखी एका गावावर मंडूरची वेळ येत नाही.