परसातील बिजली : फूलही, भाजीही

शेवंतीच्या कुळातील ‘बिजली’ हे हंगामी फूलझाड महाराष्ट्रातील शेतकऱ्यांस अपरिचित नाही. हारासाठी त्याची पांढरी-पिवळी फुले बाजारात सुटी विकली जातात. परंतु हेच झाड जपान, चीन व कोरिया या देशांत पालेभाजी म्हणून पिकविले जाते, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही. मूळचे भूमध्य समुद्राकाठचे हे झाड जपानात ‘शुंगिकू’ म्हणजे ‘वसंतातील शेवंती’ या नावाने ओळखले जाते. कारण नेहमीची शेवंती शरदात फुलते, तर ही वसंतात.

लागवड. थंड हवा या पिकास मानवते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परसात लहान वाफा करून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बी फोकून न देता 20 ते 25 सेंटिमीटर अंतराच्या ओळींत, सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. रोपे हाताएवढी होण्यापूर्वीच विरळणी करून दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर ठेवावे. वाफसा टिकेल इतकेच, पण नियमित पाणी द्यावे.

काढणी. चार ते सहा आठवड्यांत रोपे 15 ते 20 सेंटिमीटर उंच होतात. तेव्हा खालची काही पाने राखून कोवळे शेंडे खुडावेत. बगलेतून नवे फुटवे येऊन पुन्हा खुडणी मिळते. ऊन वाढून कळ्या धरल्या की पाला कडू होतो. त्यानंतर झाडे फुलांसाठी राखावीत. भाजी अगदी थोडा वेळच शिजवावी; अधिक शिजविल्यास कडवटपणा वाढतो. फुलांच्या पाकळ्याही खाता येतात, मात्र मधला गाभा कडू असल्याने तो काढून टाकावा.

सावधगिरी. यात दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास अपाय होण्याचा संभव आहे. पहिली अशी की, बाजारासाठी लावलेल्या फुलांच्या शेतातील पाला कधीही खाऊ नये. त्यावर फवारलेली औषधे खाण्याच्या पिकांसाठी नसतात. भाजीचा वाफा वेगळा असावा आणि बीही औषध न लावलेले असावे. मावा दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढावा.

दुसरी गोष्ट गाजरगवताची. त्याची कोवळी रोपे कातरलेल्या पानांमुळे बिजलीसारखी भासतात. परंतु त्यांची पाने लवयुक्त असून जमिनीलगत पसरतात. बिजलीचे पान गुळगुळीत असते व चुरगळल्यास शेवंतीचा वास येतो. ओळीत पेरणी करण्याचा आग्रह याचसाठी आहे : ओळीबाहेर उगवले ते तण समजून हातमोजे घालून उपटावे. शेवंती हाताळल्याने ज्यांच्या अंगास खाज सुटते, त्यांनी ही भाजी टाळावी. इतरांनीही प्रथम थोडीच खाऊन पाहावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एका घरी असा एकच वाफा करवून घ्यावा आणि रोपांची ओळख गृहिणींस प्रत्यक्ष वाफ्यावर पटवून द्यावी. ओळख पक्की झाल्यावरच बी पुढील घरी द्यावे.