जुनी मोठी गाडी की नवी छोटी?

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराखालोखाल मोठी खरेदी म्हणजे मोटारगाडी. सुमारे सात लाख रुपयांची तरतूद केलेल्या ग्राहकापुढे साधारणतः दोन पर्याय असतात. एक म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट किंवा टियागो यांसारखी नवी छोटी गाडी. दुसरा म्हणजे सिटी, व्हर्ना किंवा सिआझ यांसारखी पाच-सहा वर्षे वापरलेली मध्यम आकाराची सेडान. रक्कम तीच असली तरी हे दोन व्यवहार सारखे नाहीत. त्यांतील फरक जाणून घेणे कर्जदाराच्या हिताचे आहे, तसेच कर्ज देणाऱ्या बँकेच्याही.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

मोटार विम्याच्या रूढ कोष्टकानुसार सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीवर ५ टक्के, एक ते दोन वर्षांच्या गाडीवर २० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरला जातो. म्हणजेच चौदा लाखांची सेडान पाच वर्षांनी सात लाखांच्या घरात येते. हा मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि जुन्या गाडीचे खरे आकर्षण यातच आहे.

मात्र किंमत निम्मी झाली म्हणून गाडी निम्मे पेट्रोल पीत नाही. तिचे टायर, क्लच, सस्पेन्शन आणि दिवे चौदा लाखांच्या गाडीचेच असतात व त्याच भावाने घ्यावे लागतात. त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ताही गाडीच्या किमतीवर नव्हे, तर १,००० आणि १,५०० सीसी या इंजिनक्षमतेच्या टप्प्यांवर ठरतो. शिवाय हे सुटे भाग बदलण्याची वेळ नेमकी दुसऱ्या मालकाच्या काळात येते.

करांतील बदलही ध्यानात घ्यावा. चार मीटरपेक्षा लहान गाड्यांना करसवलत देण्याचे धोरण २००६ च्या अर्थसंकल्पापासून सुरू झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या गाड्यांसाठी ४० टक्के दर ठरला. मध्यम सेडानवर पूर्वी उपकरासह ४५ टक्के भार होता. त्यामुळे विक्रेता आपण भरलेल्या जुन्या किमतीचा दाखला देऊ लागल्यास तो प्रमाण मानू नये. तुलना नव्या गाडीच्या आजच्या किमतीशीच करावी.

एक हिशोब

पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले असे समजू. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः अधिक असतो. उदाहरणादाखल नव्या गाडीसाठी ९ टक्के व जुन्या गाडीसाठी १२ टक्के दर धरल्यास मासिक हप्ते अनुक्रमे सुमारे १०,३८० आणि ११,१२० रुपये होतात. पाच वर्षांत हा फरक ४४,००० रुपयांच्या पुढे जातो.

आता इंधन पाहू. वर्षाला १२,००० किलोमीटर प्रवास, छोट्या गाडीची सरासरी लिटरला १८ व सेडानची १३ किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव १०० रुपये मानल्यास सेडानला वर्षाकाठी सुमारे २५,६०० रुपये अधिक लागतात, म्हणजे पाच वर्षांत १,२८,००० रुपये. व्याज व इंधन मिळून सुमारे पावणेदोन लाखांचा फरक पडतो. दुरुस्तीचा खर्च यात धरलेला नाही.

या हिशोबाला दुसरी बाजूही आहे. वर्षाचा प्रवास ४,००० किलोमीटरच असेल, तर इंधनाचा फरक ८,५०० रुपयांवर येतो. नव्या गाडीचा पहिल्या वर्षांतील घसारा मात्र आपल्यालाच सोसावा लागतो. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, ज्यांना डिकी मोठी हवी आहे आणि ज्यांचा प्रवास थोडा पण महामार्गावरचा आहे, अशांना चांगली राखलेली सेडान खरोखरच सोयीची ठरते.

गाडी मोठी म्हणजे सुरक्षित, असे मात्र गृहीत धरू नये. एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि जानेवारी २०२२ पासून पुढील दोन्ही आसनांच्या एअरबॅग सर्व नव्या गाड्यांत अनिवार्य झाल्या. त्यापूर्वीची गाडी घेताना तिच्यात यांपैकी काय आहे, हे प्रत्यक्ष पाहावे. नव्या गाडीबाबत, ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप चाचणीतील तारांकन उपलब्ध असल्यास पाहावे.

जुनी गाडी घेण्यापूर्वी

१. नोंदणी पुस्तकात पूर्वीच्या कर्जाची नोंद आहे का, हे ‘वाहन’ संकेतस्थळावर तपासावे. असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये.

२. फॉर्म २९ व ३० भरून मालकी हस्तांतर वेळेत करावे. विमा आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. ‘नो क्लेम बोनस’ गाडीला नसतो, मालकाला असतो. तो आपोआप आपल्याकडे येत नाही.

३. सर्व्हिसिंगच्या नोंदींवरून किलोमीटरचा आकडा पडताळावा आणि आपल्या विश्वासातील मेकॅनिककडून गाडी तपासून घ्यावी.

४. निर्मात्याने भारतातील विक्री किंवा उत्पादन थांबवले असल्यास सुटे भाग मिळतात का, याची चौकशी करावी. शेवर्लेने २०१७ मध्ये येथील विक्री थांबवली, तर फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले.

५. ज्यांची परराज्यात बदली होते, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात राहणार असेल, तर तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो व तेथील कर भरावा लागतो.

निर्णय कसा घ्यावा?

रोजचा शहरातील प्रवास, मर्यादित उत्पन्न आणि गाडी दीर्घकाळ वापरण्याचा विचार असेल, तर नवी छोटी गाडी उचित होय. वापर कमी, प्रवास लांबचा आणि गाडीचा पूर्वेतिहास स्पष्ट असेल, तर जुनी सेडान घ्यावी. परंतु तिच्यावर सातही लाख खर्चू नयेत. सहा लाखांपर्यंतची गाडी पाहावी आणि उरलेला एक लाख दुरुस्तीसाठी मुदत ठेवीत राखून ठेवावा. एवढी रक्कम बाजूला काढणे शक्य नसेल, तर ती मोठी गाडी तूर्तास आपल्या ऐपतीबाहेरची आहे असेच समजावे, मग तिची किंमत कितीही उतरलेली असो.