आपली आवड, घाटावरची

घट बसायला पाच दिवस राहिलेत. त्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण पाण्यातून निघालं पाहिजे, म्हणून मेणवलीचा घाट सकाळी आठलाच भरून गेलाय. वरच्या अंगाला धोमचं धरण, यंदा पाऊस भरपूर झालेला, आणि कृष्णा खालच्या पायऱ्या पोटात घेऊन वाहतेय. आम्ही महादेवाच्या देवळाच्या बाजूला जागा धरली आहे. आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, नऊवारीचा काष्टा वर खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत. शेजारच्या नानी पायरीवर बसल्यात. वय ऐंशीच्या घरात, पण घाटावरचा शब्द त्यांचाच चालतो. गोधड्या रात्रभर पिंपात भिजल्यात. पुतण्यानं मोटारसायकलवरून त्या पोचत्या केल्या आणि तो लगेच पसार झाला, कारण इथे आज पुरुषमाणसाचं काम नाही.

गाणं अजून लागलेलं नाही, तरी घाटावर ताल आहेच. पलीकडे कुणीतरी चादर दगडावर आपटतंय. फट्, मग दमाची जागा, मग पुन्हा फट्. त्याच्या अल्याड साबणाचा ब्रश घासल्याचा बारीक आणि भराभर आवाज. त्याहून अलीकडे एकजण बादली पालथी करतेय.

पुतणीनं फोन देवळाच्या ओट्यावर ठेवलाय, पाण्यापासून लांब, आणि मुठीएवढा स्पीकर आमच्या वरच्या पायरीवर. ती ओढणीला हात पुसते आणि विचारते, “बोला, कुणाला काय लावू?”

“आदी धुणं काय हाय ते बघ,” नानी म्हणतात, “मग गाणं इचार.”

पहिली गोधडी आजेसासूबाईंच्या हातची. जुन्या लुगड्यांचे थर, वर दाट धावदोरा. भिजली की ती उचलायला दोघी लागतात आणि हातानं घासून तिच्या पोटातला मळ निघत नाही. ती तुडवावीच लागते. आक्का आणि मी समोरासमोर तिच्यावर उभ्या राहतो, एकमेकींचे खांदे धरतो. पुतणी ‘सैराट’मधलं सगळ्यात जोरकस गाणं लावते. २०१६ पासून या तालुक्यातली एकही वरात त्या गाण्याशिवाय निघालेली नसेल. पहिल्या ठोक्याला पाय आपसूक उचलले जातात. पाणी उडतं, शेजारच्या बायका हसतात, दोन पोरी पायरीवरच नाचायला लागतात. पण गाणं निम्म्यावर यायच्या आत आक्कांना धाप लागते आणि नानी हात वर करतात. “आगं, दोरा तुटंल! वरातीला बरं हाय त्ये. गोधडीला न्हाई.”

नानींचं बोलणं खरं आहे. घाईनं मारलेली टाच धाग्यावर बसते. सावकाश पडलेलं पाऊल आधी टाच टेकतं, मग चवडा दाबतं, आणि या दोहोंच्या मधे मळकं पाणी थरांतून बाहेर येतं. म्हणजे पावलालाच दोन मात्रा हव्यात. पुतणी क्षणभर विचार करते आणि प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं गाणं लावते. टाळ, ढोलकी, मधे कोरस, आणि तो रुंद, मोकळा आवाज, जो पंढरीच्या वाटेवरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतो. आठ मात्रांचा ठेका. आमची चार पावलं त्यात नेमकी बसतात, उजवं-डावं, उजवं-डावं, आणि पुन्हा समेवर उजवं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी मोजायचं सोडून दिलेलं असतं. आक्कांच्या खांद्यावरच्या माझ्या हाताला त्यांचा श्वास कळतो आणि तो गाण्याबरोबर आत-बाहेर होतोय. गोधडीखालून काळपट पाणी सुटतं, प्रवाहात मिसळतं, पांढुरकं होत जातं.

गाणं संपतं, पण पाय थांबत नाहीत. त्या मोकळ्या जागेत नानी फेराचं गाणं उचलतात. पंचमीला झाडाखाली धरतात त्या फेराचं. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. नानी ओळ टाकतात आणि घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातातलं धुणं न सोडता, बायका ती परत देतात. रेकॉर्डवरच्या गाण्याच्या गतीला आम्हाला जुळवून घ्यावं लागत होतं. नानी मात्र आमच्या पायांकडे बघत गातायत. आक्का दमल्या की ओळ लांबते, आम्ही सावरलो की ती पुन्हा आखडते. माझ्या मते धुण्याला याहून चांगलं संगीत नाही. गाणारीची नजर काम करणारीच्या पायांवर असते, आणि कुठलंही यंत्र ते करू शकत नाही.

पण म्हणून मी पुतणीच्या स्पीकरला कमी लेखत नाही. फेर संपल्यावर उशांचे अभ्रे आणि पोरांचे स्वेटर निघतात, म्हणजे घासायचं, चोळायचं काम. त्याला नानी जे मागतात त्यानं पुतणी चाट पडते.

“सुलोचनाबाईंची लावणी लाव.”

“लावणी? नानी, तुला?”

“मग! घासायला ढोलकी लागती.”

सुलोचना चव्हाण. अंगभर साडी आणि डोक्यावर पदर घेऊन त्यांनी लावणी गायली, आणि जी लावणी घरात चारचौघांत लावायला लोक कचरत, ती रेडिओ आणि तबकड्यांमधून माजघरापर्यंत आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. आता त्यांचा तो फणकाऱ्याचा, शब्दाला टोक काढणारा आवाज कृष्णेच्या पाण्यावर पसरतो. ढोलकी लागते आणि घाटावरचे सगळे ब्रश एकदम बारीक चालीत येतात. नानी अभ्र्यावर साबण फिरवता फिरवता भुवई उडवतात, बरोबर त्या जागेवर जिथे सुलोचनाबाई शब्द अडवून धरतात. सासुरवाशिणीला लावणी मोकळेपणानं ऐकायला मिळायची ती अशीच, जिथे ऐकणाऱ्या सगळ्या बायाच असत आणि पाण्याचा आवाज बाकीचं झाकून टाकी. आक्का इतक्या खुल्या हसताना मला घरात दिसत नाहीत.

वरच्या अंगाला मोटारी थांबतात. चार-पाच पर्यटक घाट उतरून येतात, शाहरुख खानचा ‘स्वदेस’ इथलाच ना, असं विचारतात. २००४ सालचा तो सिनेमा, त्याला अजून माणसं येतात. पुतणी हातानंच दाखवते, हाच घाट. मग ती त्यांना घंटेकडे पाठवते. वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरीची मूर्ती. ती इथे देवळापाशी टांगलेली आहे. पर्यटक गेले की नानी म्हणतात, “चालू कर.” तेवढा वेळ लावणी थांबवलेली होती.

चहाचा थर्मास निघतो. नानी कपाला दोन्ही हात लावून बसतात आणि बोलायला लागतात. त्या परकरात असतानाची गोष्ट. गावात एका माडीवर रेडिओ होता. पुणे आकाशवाणीवर गीत रामायण सुरू झालेलं. १९५५ ची रामनवमी ते पुढल्या वर्षाचा एप्रिल, माडगूळकरांची छप्पन्न गाणी, बाबूजींच्या चाली. नवं गाणं शुक्रवारी सकाळी लागायचं आणि तेच शनिवारी, रविवारी पुन्हा. नानींची आई त्याच वेळेला त्या माडीखालच्या मोरीवर भांडी घासायला जायची, आणि बरोबर नानी.

“शुक्कारी निस्तं ऐकायचं,” नानी सांगतात. “शनवारी शबूद धरायचं. आयतवारी आय राखुंडी लावता लावता सोता म्हनायची. आन् सोमवारी नदीवर ती बाकीच्यास्नी शिकवायची.”

“तिला वाचायला येत होतं?” पुतणी विचारते.

“न्हाई गं. वाचायला कशाला यायला पायजे?”

मी हातातला कप खाली ठेवते. घरकाम करताना लावलेलं संगीत म्हणजे पार्श्वभूमीला, कामाचा कंटाळा घालवायला, खरं ऐकणं निराळं, त्याला निवांत बसावं लागतं, असं आपण किती सहज म्हणतो. मला ते पटत नाही. महाराष्ट्रात गाणं सर्वांत बारकाईनं कुणी ऐकलं असेल तर ते हात गुंतलेल्या बायकांनी. त्यांना तबकडी पुन्हा लावायची सोय नव्हती. एकदा गेलेली ओळ दुसऱ्या दिवशीपर्यंत यायची नाही, म्हणून कान सगळा तिथे असायचा. आणि त्या ऐकूनच थांबल्या नाहीत. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल दळायला बसतो, धुणं धुवू लागतो, कारण तिचं सगळं आयुष्य त्याच कामांत होतं आणि गाणंही तिथेच होतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलेलं मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतलं. १९५१ साली त्या गेल्या, आणि पुढल्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक निघालं, तेव्हा जाणकार थक्क झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे अभ्यासक गावोगावी हिंडले, तेव्हा जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या सगळ्या हात चालू असताना जुळलेल्या आहेत. ओवी खुंट्याच्या फेऱ्यात बसवलेली. पुढे गावात पिठाची गिरणी आली, जातं भिंतीला लागलं, आणि दळणाबरोबर त्या गाण्याची रोजची वेळही गेली. खांद्यातली कळ थांबली हे चांगलंच झालं. पण ती वेळ दुसरीकडे कुठे मिळाली, याची चौकशी कुणी फारशी केली नाही. काहींना ती रेडिओवर मिळाली. आज पुतणीच्या फोनवर मिळतेय.

“चला, पिळायची राहिली,” आक्का उठतात.

गोधडी प्रवाहात खळबळून घेतो. या कामाला ठेका नको असतो. पुतणी न सांगताच तलत महमूद लावते. संथ, किंचित थरथरता आवाज, आणि पाण्याच्या ओढीबरोबर गोधडी आमच्या हातांत पसरते, आखडते. मग आक्का एक टोक धरतात, मी दुसरं. त्या उजवीकडे पीळ घालतात, मी डावीकडे. आणि स्पीकरवर गाणं चालू असूनही इथे कुणी गुणगुणत नाही. पिळताना श्वास छातीत धरलेला असतो, दात ओठांवर. घाटभर नजर टाकली तर तेच दिसतं. घासणाऱ्या गातायत, आपटणाऱ्या अधूनमधून एखादा शब्द टाकतायत, पिळणाऱ्या मात्र सगळ्या गप्प. शेवटचा पीळ बसतो, पाणी धारेनं पडतं, आणि आक्का गाण्याची तीच ओळ मधूनच पकडतात जिथे ती आत्ता पोचली आहे. श्वास धरलेला असतानाही त्यांच्या मनात गाणं चालूच होतं.

गोधडी वरच्या तापलेल्या पायऱ्यांवर पसरतो, चारही कोपऱ्यांना दगड. तिच्यावरची कोयऱ्यांची नक्षी उन्हात उघडी पडते. पिंपात अजून दोन चादरी आहेत, आणि सगळ्यांत खाली देवघरापुढची सतरंजी. ती दगडावर घालून काठीनं बडवायची असते.

“हिला भीमसेन,” नानी हुकूम सोडतात.

“अभंग?”

“मग काय. ते एक शबूद टाकत्यात आन् लांबवत्यात. तवर आपली काठी वर जाती.”

पुतणी शोधते. राम फाटकांच्या चालीतला अभंग सुरू होतो, आधी टाळ, मग पखवाज, मग तो आवाज. नानी काठी मला देत नाहीत, पुतणीलाच देतात. पोरगी एकदा माझ्याकडे बघते, ओढणी कमरेला गच्च बांधते. पहिला घाव समेच्या जरा आधी पडतो.

“थांब,” नानी म्हणतात. “सम येऊ दे. आता!”

फट्. घाटाच्या पलीकडच्या टोकाला चादर आपटणारी बाई मान वर करते, आणि पुढचा फटका बरोबर आमच्याबरोबर मारते.

“आता मागं बघू नगंस,” आक्का पोरीला सांगतात, “मार.”