ग्रंथालयातून आलेले सल्लागार

ऑनलाइन दुकानात साडी शोधायला गेलं की बाजूला रंग, कापड, काठ, किंमत असे पर्याय दिसतात. आधी रंग निवडा नाहीतर आधी किंमत, यादी आटोपशीर होत जाते. ही सोय कुणा प्रोग्रामरला सुचली असेल असं वाटतं. पण तिच्यामागचा विचार मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालाने मांडला होता, आणि हा ग्रंथपाल मुळात गणिताचा प्राध्यापक होता.

शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली ग्रंथपाल झाले, तेव्हा या कामाचा त्यांना गंधही नव्हता. प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या वर्गाची सवय असलेला हा माणूस थोड्याच दिवसांत एकांताला कंटाळला आणि ‘मला परत शिकवायला पाठवा’ म्हणू लागला. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिका, नंतरही नको वाटलं तर परत या, अशी तडजोड झाली. लंडनमध्ये सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट. जोडणी बदलली की खेळणं बदललं. तिथून त्यांच्या वर्गीकरणाला दिशा मिळाली आणि १९३३मध्ये ‘कोलन क्लासिफिकेशन’ प्रसिद्ध झालं.

समजा, कोकणातल्या भातपिकावरच्या किडींविषयी एक पुस्तक आहे. ते शेतीच्या कपाटात ठेवायचं, कोकणाच्या की कीटकशास्त्राच्या? प्रत्येक विषयाला एकच ठरलेला खण असेल तर निम्मे वाचक चुकीच्या कपाटापुढे उभे राहणार. रंगनाथन यांनी विषयाचे पैलू सुटे केले: पीक कोणतं, त्याचं काय होतंय, कुठे, कधी. मग हे पैलू हवे तसे जोडायचे. गणिताच्या माणसाला असं सुचावं यात मला नवल वाटत नाही. गुंतागुंतीची गोष्ट स्वतंत्र घटकांत मोडून पाहणं हा त्याचा रोजचा अभ्यास. १९९०च्या दशकात वेब वाढलं आणि हजारो वस्तू पडद्यावर मांडायची वेळ आली, तेव्हा पैलूंची हीच कल्पना कामी आली. १९९९मध्ये स्थापन झालेल्या एंडेका कंपनीने तिच्यावर दुकानांसाठी शोधयंत्रणा उभारली. २०११मध्ये ऑरेकलने ती कंपनी विकत घेतली.

१९९०च्या त्याच दशकात अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर इथे लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरविल हे ग्रंथालयशास्त्र शिकलेले दोघे कंपन्यांना वेबसाइटच्या मांडणीविषयी सल्ला देत होते. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९९८मध्ये आलं. मुखपृष्ठावर ध्रुवीय अस्वल असल्यामुळे जगभरचे डिझायनर ते ‘अस्वलाचं पुस्तक’ म्हणूनच ओळखतात. ‘माहितीचा वास्तुरचनाकार’ ही कल्पनाही त्याआधी, १९७६च्या सुमारास, रिचर्ड सॉल वुर्मन या आर्किटेक्टने मांडली होती.

अशी दुसऱ्या क्षेत्रांतून आलेली माणसं सल्लागार म्हणून नेमकं काय घेऊन येतात? मला सर्वांत मोलाची वाटते ती ग्रंथपालाची विचारपूस. वाचक येऊन म्हणतो, ‘आरोग्यावरचं काहीतरी द्या.’ मुरलेला ग्रंथपाल लगेच कपाटाकडे जात नाही. दोन-चार प्रश्न विचारतो, तेव्हा कळतं की घरात कुणालातरी नुकताच मधुमेह निघाला आहे आणि पथ्याची माहिती हवी आहे. डिजिटल सल्लागाराकडे येणारा ग्राहकही ‘आम्हाला नवं अ‍ॅप हवंय’ असंच म्हणतो. खरी अडचण पुष्कळदा अ‍ॅपमध्ये नसते. लोकांना अर्ज समजत नाही, म्हणून फोन येत राहतात.

मांडणी ठरवतानाही आधी लोकांनाच विचारायचं. महापालिकेची वेबसाइट घ्या. सेवांची नावं एकेका कार्डावर लिहून नागरिकांपुढे ठेवायची आणि म्हणायचं, तुम्हाला जुळतात तसे गठ्ठे करा. जन्माची नोंदणी, बाळाचं लसीकरण, दाखल्यात नाव घालणं ही कार्डं बहुतेक जण एकत्र ठेवतील. घर घेणारा माणूस मालमत्ता करावरच्या नावाचा बदल नळजोडाशेजारी ठेवील. वेबसाइटवर मात्र जन्माचा दाखला आरोग्य विभागात, कर दुसऱ्या विभागात आणि नळ तिसऱ्याच विभागात असतो. मांडणी कार्यालयाच्या सोयीची आहे, हे त्या गठ्ठ्यांतून टेबलावरच दिसतं. अधिकाऱ्यांना वेगळं पटवावं लागत नाही.

आडवाटेने येणं एवढंच पुरेसं नसतं, हेही सांगायला हवं. डेटाबेस कसा चालतो, बदलाला किती खर्च येतो हे न शिकलेला ग्रंथपाल फक्त सुंदर आराखडे काढील. आणि चांगलं काम धंद्याला तारतंच असं नाही. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर रोझेनफेल्ड आणि मोरविल यांची आर्गस ही संस्थाही २००१मध्ये बंद पडली.

तरीही आपल्याकडच्या कंपन्या सल्लागार नेमताना इंजिनिअरिंग किंवा एमसीएच्या पलीकडे पाहत नाहीत याचं मला वाईट वाटतं. मराठीत तर माहिती मांडण्याचं हे काम आणखी अवघड आहे. विदर्भातला ग्राहक ‘जाम’ शोधतो तेव्हा त्याला पेरू हवा असतो. मुंबईत तोच शब्द टाकणाऱ्याला दुसरंच फळ हवं असतं, नाहीतर पावाला लावायचा मुरांबा. ‘आलू’ टाकणाऱ्याला बटाटा दाखवावा लागतो. ग्रंथालयाच्या तालिकेत एका नावाखाली ‘दुसरं नाव पाहा’ असं लिहायची रीत फार जुनी आहे. किराणा पोचवणाऱ्या अ‍ॅपला नेमकी अशीच यादी लागते. ती करायला शब्दांचा आणि मुलखाचा दोन्हींचा अंदाज असलेला माणूस हवा, आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्यांत असे कितीतरी आहेत.