काळ आला होता, पण टेन्स आला नव्हता!

इंग्रजीत टेन्स किती? "बारा!" झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. चार वर्तमान, चार भूत, चार भविष्य. वहीच्या मधल्या पानावर पट्टीने आखलेला आडवा तक्ता आणि शेवटच्या चौकटीत जागा न पुरल्याने मुंगीएवढं झालेलं 'फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस'.

आता धक्का. माहीत आहे का, इंग्रजी व्याकरणातली बडी मंडळी या तक्त्याला फारशी किंमतच देत नाहीत? हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ सालचं केंब्रिजचं जाडजूड व्याकरण बघा. क्रियापद स्वतः अंग बदलून दाखवतं असे काळ दोनच: वर्तमान आणि भूत. उद्याचं सगळं काम 'विल'सारख्या मदतनीसांवर ढकललेलं. थोडक्यात, इंग्रजीला भविष्यच नाही! (क्लासवाल्यांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.)

बरं, त्या 'विल'चं आणि 'शॅल'चं भांडण कोणी लावलं, माहीत आहे का? एका गणितज्ञाने. जॉन वॉलिस. 'आय' आणि 'वी'ला 'शॅल', बाकीच्यांना 'विल' हा नियम त्याने १६५३ मध्ये मांडला, तोही लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात! दोनच वर्षांनी याच माणसाने अनंताचं चिन्ह जगाला दिलं, ते आडवं पडलेलं इंग्रजी आठ. शाळेतला 'शॅल-विल'चा तास कधी संपतच नसे, त्यामागचं रहस्य हे असावं.

पुढचा नग. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं घ्या: बी, हॅव, डू, गो, से वगैरे. दहाच्या दहा इरेग्युलर! वर्गात सगळ्यात जास्त हजेरी कोणाची? वात्रट पोरांची.

असं का? २००७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हार्वर्डच्या मंडळींनी चक्क याचं गणित मांडलं. जुन्या इंग्रजीतली १७७ इरेग्युलर क्रियापदं त्यांनी पकडली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ वात्रट राहिली, आज ९८. बाकीच्यांनी मुकाट्याने 'ईडी' लावून घेतलं. (ती 'ईडी' नव्हे हो! पण मागे लागली की भले भले सरळ होतात, हे दोन्हीकडे खरं.) 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आज साधासुधा 'हेल्प्ड'.

आणि सुधारण्याचा वेग? शंभर पट कमी वापराचं क्रियापद दहा पट लवकर सरळ होतं. जे रोज तोंडात असतं ते बिघडलेलंच टिकतं, कारण पाठच असतं. पुढची विकेट कोणाची, याचं भाकीतही त्यांनी केलंय: 'वेड', म्हणजे लग्न करणे. लग्न झालं की सरळ होतात म्हणतात, ते क्रियापदांनाही लागू!

उलटी गंगाही वाहते बरं का. 'स्नीक'चा भूतकाळ सरळमार्गी 'स्नीक्ड' होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'स्नक' आला आणि चोरपावलांनी आत शिरला. नाव सोनूबाई, हाती सोन्याचा वाळा!

'गो'चं 'वेन्ट' कसं काय होतं बुवा? ते उधार आणलंय, 'वेन्ड' या दुसऱ्याच क्रियापदाकडून. हसताय? मग 'जा'चं 'गेला' कसं होतं ते सांगा! 'जाला' का नाही? आपलं 'जा' एका संस्कृत धातूचं, 'गेला' दुसऱ्याच. हीच चलाखी, तीही आपल्याच घरात. आणि घरातलं छोटं पोर "मी करलं!" म्हणून नाचत येतं, तेव्हा ते चुकत नसतं, नियम लावत असतं.

हेच १९५८ मध्ये जीन बर्को यांनी सिद्ध केलं. अमेरिकेतल्या चिमुरड्यांना त्यांनी चित्रं दाखवली आणि शब्द दिले शुद्ध बनावट. हा माणूस 'रिक' करतो. काल त्याने तेच केलं. काल तो काय...? पोरं लगेच: "रिक्ट!" जगात कोणीही न उच्चारलेल्या शब्दाचा भूतकाळ पाच वर्षांच्या पोराने सेकंदात हजर केला. तक्ता न आखता.

त्या 'रिक्ट'मधला 'ट' ऐकलात ना? 'ईडी' एकच, पण आवाज तीन. 'वॉक'ला ट, 'प्ले'ला ड, 'वॉन्ट'ला इड. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट 'एड' लावून 'जम्पेड', 'लाफेड' करणारी एक स्वतंत्र परंपरा आहे. तिला लांबूनच नमस्कार.

आता मराठी माणसाचा नॅशनल टेन्स: "आय डिड नॉट वेन्ट." चिडू नका, कारण ऐका. मराठीत 'गेलो'ला नकार द्यायचा तर मागे 'नाही' चिकटवलं की काम झालं: 'गेलो नाही'. भूतकाळ जागच्या जागी शाबूत. इंग्रजीत मात्र 'डिड' आला की तो भूतकाळाचं सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि क्रियापद हात हलवत मोकळं फिरतं. मराठी डोक्याला हे पटत नाही, म्हणून आपण दोघांच्याही डोक्यावर ओझं देतो. डबल सेफ्टी!

आणि आपण काय कमी आहोत? "आलोच!" काळ कोणता? व्याकरणात भूत. प्रत्यक्षात माणूस अजून टॉवेल शोधतोय. "निघालो, निघालो" म्हणजे चप्पल सापडलेली नाही. होऊन गेल्याचा काळ वापरून न झालेल्याची खात्री द्यायची! इंग्रज बिचारे यासाठी 'कमिंग' म्हणतात. आपण येऊन बसलेलोसुद्धा असतो.

माहीत आहे का, एका टेन्सने अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष घामाघूम झाला होता? १७ ऑगस्ट १९९८. ग्रँड ज्युरीसमोर बिल क्लिंटन. लेविन्स्की प्रकरणात वकिलाने आधी सांगितलेलं, संबंध 'नाही'. हे खोटं नव्हतं का? क्लिंटन म्हणाले, ते 'इज'चा अर्थ काय घेता त्यावर आहे. आज नाही या अर्थाने घेतलं तर वाक्य खरंच! सिम्पल प्रेझेन्ट एवढा कॉम्प्लिकेटेड आधी कोणी केला नव्हता.

कोर्टात तर याहून भारी झालंय. २०१० सालचा 'कार विरुद्ध युनायटेड स्टेट्स' हा खटला. नोंदणी न करता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जो लैंगिक गुन्हेगार 'ट्रॅव्हल्स' त्याला शिक्षा, असा कायदा. आरोपी म्हणाला, मी कायदा येण्याआधीच गेलो होतो! सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मान्य केलं: 'ट्रॅव्हल्स' म्हणजे 'ट्रॅव्हल्ड' नव्हे. पुढच्या वेळी सर 'एस लावायला विसरू नका' म्हणाले की गांभीर्याने घ्या.

बर्गर ब्रेक! 'लव्ह', 'नो', 'हॅव' यांना 'आयएनजी' लावायचं नाही, हे तुम्हाला छडी खाऊन कळलं. मॅकडोनाल्ड्सने २ सप्टेंबर २००३ रोजी म्युनिकमधून 'आय अ‍ॅम लव्हिंग इट' जगभर सोडलं आणि नियमाचं सॅण्डविच झालं. आपल्या "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स"ला मात्र आजही कोणी फ्राइज देत नाही. मुंबईचे कवी निसिम इझिकेल यांनी मात्र याच भारतीय 'आयएनजी'वर 'मिस पुष्पा'च्या निरोप समारंभाची अख्खी कविता रचली, आणि ती गाजली.

घराघरात असणारं 'रेन अँड मार्टिन' आठवतं? त्यातला रेन, म्हणजे पी. सी. रेन, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातला साहेब. पण जगात तो व्याकरणासाठी ओळखला जात नाही! १९२४ ची 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरेन लीजनवरची धडाकेबाज कादंबरी त्याचीच. पुढे तिच्यावर हॉलिवूडने सिनेमेही काढले. वाळवंटातला किल्ला लढवणारा आणि आपल्याला पॅसिव्ह व्हॉइसमध्ये गाडणारा, लेखक एकच.

'ईडी'चा सूड कोणी घेतला? अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट. १९३९ मध्ये 'गॅड्सबी' ही सुमारे ५०,००० शब्दांची कादंबरी त्याने 'ई' हे अक्षर न वापरता लिहिली. टाइपरायटरची 'ई'ची कळ बांधूनच ठेवली! सगळ्यात जास्त छळलं कोणी? भूतकाळाने. 'ई' नाही म्हणजे 'ईडी' नाही. वॉक्ड, टॉक्ड, लाफ्ड, सगळं बंद.

आता गिअर बदलू. टेन्स आणि आकलन जिथे एकमेकांवर आदळतात तो अपघातप्रवण भाग: "द गोट चेझ्ड पास्ट द मार्केट फेन्टेड." वाचलंत? शेळीने पाठलाग केला, बाजार ओलांडला आणि... 'फेन्टेड' कुठून आलं? परत फिरा. शेळीने कोणाचा पाठलाग केलेला नाही, तिलाच पिटाळलंय! थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये घोड्याच्या वाक्यावर हा खेळ दाखवला तेव्हापासून भल्याभल्यांचे घोडे यात पेंड खातात. दोष पुन्हा 'ईडी'चा. 'पिटाळलं' आणि 'पिटाळलेली' ही दोन्ही कामं एकच शेपूट करतं. मराठीत 'पिटाळलेली शेळी' म्हटलं की विषय संपला. एक गुण आपल्याला!

आता तुमची टेस्ट. उतारा वाचा:

"आधी नीट धुऊन घ्या. एकापेक्षा जास्त असतील तर शिजायला वेळखाऊ ते खाली. खाली पाणी विसरलात तर संपलंच. घट्ट बसलंय ना, ते दोनदा बघा. मग दुसरी कामं करा, पण कान इकडे असू द्या. तीन झाल्या की पुरे. घाई करून उघडू नका, आपोआप बसू द्या."

शब्द अवघड एकही नाही, तरी डोकं भंजाळलं? शीर्षक सांगतो: 'कुकर लावणे'. आता पुन्हा वाचा. लख्ख! ब्रान्सफर्ड आणि जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याच्या उताऱ्यावर हाच प्रयोग केला. शीर्षक आधी सांगितलेल्यांना उतारा जास्त कळला, जास्त आठवला. नंतर सांगून उपयोग शून्य. तेव्हा परीक्षेत थेट पहिल्या ओळीवर उडी मारू नका. शीर्षक, चित्र, प्रश्न आधी चाळा.

अजून एक. रेक्ट आणि लेस्ली, १९८८. शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली पोरं, वाचनात हुशार पण खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्यांपेक्षा भारी ठरली! उद्या इंग्रजी उतारा 'एलबीडब्ल्यू'वर आला तर शेवटच्या बाकावरचा कोण कुठे जाईल, कल्पना करा. म्हणूनच माझं मत विचाराल तर कॉम्प्रिहेन्शनची सगळ्यात स्वस्त प्रॅक्टिस म्हणजे आवडत्या विषयावरचं इंग्रजी वाचणं. क्रिकेट, रेसिपी, बाइक, काहीही. टेन्स आपोआप मागून येतात.

किती शब्द यायला हवेत? पॉल नेशन यांचा २००६ चा हिशेब: डिक्शनरीला हात न लावता कादंबरी वाचायची तर शब्दांची आठ-नऊ हजार कुटुंबं ओळखीची हवीत. म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी फार तर एक. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांचं हे प्रमाण कोणाला जमलंय?

झटपट प्रश्न: राम सुवर्णमृगामागे गेल्यावर कुंतीपुत्र लक्ष्मणाने पर्णकुटीभोवती किती रेषा आखल्या?

"एक!" म्हणालात? कुंतीपुत्र?! अहो, लक्ष्मण सुमित्रेचा! १९८१ मध्ये एरिक्सन आणि मॅटसन यांनी लोकांना विचारलं, मोझेसने नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? लोक धडाधड उत्तर देत सुटले. नौका होती नोआची. आपण वाचत नाही, अंदाजपंचे धावतो.

पण परीक्षा घेणारे तरी शहाणे असतात का? २०१२, न्यूयॉर्क राज्य, आठवीची वाचन चाचणी. उताऱ्यात एक बोलका अननस सशाला शर्यतीचं आव्हान देतो. प्राण्यांना वाटतं, अननसाने नक्की अस्तनीत काहीतरी डाव लपवलाय. शर्यत सुरू होते, अननस जागचा हलत नाही, ससा जिंकतो, प्राणी अननस खाऊन टाकतात. तात्पर्य? अननसाला अस्तन्या नसतात! आता सांगा, प्राण्यांनी अननस का खाल्ला? सगळ्यात शहाणा प्राणी कोणता? पोरं चक्रावली, पालक भडकले, राज्याने प्रश्न बाद केले. मूळ विनोदी गोष्ट डॅनियल पिंकवॉटर यांची, आणि तिच्यात अननस नव्हताच. होतं वांगं! भरली वांगी समोर असताना 'का खाल्लं' असं कोण विचारतं?

२०१७ मध्ये तर कवयित्री सारा होलब्रुक यांनी टेक्सासच्या परीक्षेतले स्वतःच्या कवितांवरचे प्रश्न पाहिले आणि हात टेकले: मलाच येत नाहीत!

तरी तुम्ही सुखी आहात. केंब्रिजने परकीयांसाठी इंग्रजीची पहिली 'प्रोफिशन्सी' परीक्षा घेतली १९१३ मध्ये. पेपर सगळे मिळून बारा तासांचे. उमेदवार तीन. पास शून्य.

जाता जाता तोंडाला फेस आणणारं एक: इंग्रजीत ओळीने ११ वेळा 'हॅड' येऊ शकतं. जॉनने पेपरात 'हॅड' लिहिलं, जेम्सने 'हॅड हॅड', बाईंना जेम्सचं आवडलं. म्हणजे: "जेम्स, व्हाइल जॉन हॅड हॅड 'हॅड', हॅड हॅड 'हॅड हॅड', 'हॅड हॅड' हॅड हॅड अ बेटर इफेक्ट ऑन द टीचर." आता यातली विरामचिन्हं काढा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. पहिला रिप्लाय "फोन हँग झालाय का?" असा आला नाही तर सांगा.