घरात दाणा नाही, तर जनावर कशाला?

मागच्या महिन्यात वर्ध्यात ढेपीच्या दुकानात उभा होतो. माझ्या पुढे एक बाई होती. हातात कापडी पिशवी, पदराच्या गाठीत पैसे. दुकानदाराने पोत्याकडे हात केला तशी ती म्हणाली, "पोतं नको भाऊ, दोनच किलो द्या. हप्त्यानं अजून नेतो." मागून एक गृहस्थ बोलले, "परवडत नाही तर गाय ठेवता कशाला? इकून टाका ना." बाईने उत्तर दिलं नाही. पिशवीच्या तोंडाला सुतळी बांधली, नोटा मोजून दिल्या आणि निघून गेली.

हे वाक्य मी गाईबद्दल ऐकतो, बकरीबद्दल ऐकतो, दारातल्या कुत्र्याबद्दल तर रोजच ऐकतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून. गरिबाने जनावर पाळणं ही चैन आहे, आणि ती सोडली तर त्याची ओढाताण संपेल, असा त्यामागचा समज. तो चुकीचा आहे. आणि तो खाऊन-पिऊन सुखी माणसांकडून इतक्या सहजपणे येतो की मला त्याचा राग येतो.

कुत्र्यापासून सुरू करू. सेलू तालुक्यात बोरच्या जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांना विचारा. बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. पण वाघ क्वचित दिसतो, रानडुक्कर आणि रोही रोज येतात. हरभरा घाट्यावर आला की रात्रभर जागल करावी लागते. मचाणावरच्या माणसाचा डोळा लागला तरी कुत्र्याचा कान जागा असतो. कळप धुऱ्यावर आला की ते भुंकतं, माणूस उठून टिनाचा डबा वाजवतो, आणि पीक वाचतं. या राखणीचा मोबदला दोन वेळची भाकरी. मांजराचंही तसंच आहे. सोयाबीनची पोती ज्या खोलीत पडून असतात तिथे उंदीर किती नासधूस करतात हे पोती शिवणाऱ्याला माहीत असतं.

बैलजोडी तर वेगळी सांगायला नको. ट्रॅक्टरने नांगरणी होते, पण कपाशी गुडघ्याला लागल्यावर दोन ओळींमधली डवरणी अजूनही बहुतेक ठिकाणी बैलच ओढतात. ज्याच्याकडे जोडी नाही तो भाड्याने आणतो आणि पावसाने उघडीप दिलेल्या त्या दोन दिवसांत त्याची पाळी येत नाही. बकरी असेल तर पोर दवाखान्यात भरती झाल्यावर बोकड विकून बिल भरता येतं. सावकाराकडे जावं लागत नाही. या घरांत जनावर कमावतं, राखतं आणि अडीनडीला उपयोगी पडतं. त्यावर जीवही असतो, हे खरं. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळताना घरच्या बाईचा चेहरा पाहिला असेल तर हे सांगावं लागणार नाही.

मग ओढाताण कशाची आहे? चाऱ्याची. आणि ती शेतकऱ्याच्या हौसेतून आलेली नाही. आपल्याकडे पूर्वी ज्वारी भरपूर पेरली जायची. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा एकाच ताटातून मिळायचा. गेल्या तीन-चार दशकांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनचं कुटार जनावर खातं, पण ते कडब्याची बरोबरी करत नाही. म्हणजे जो चारा वावरात फुकट उभा राहायचा तो आता विकत आणावा लागतो. ढेपीचा हिशेब तर आणखी बोचतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरलेली जवळजवळ सगळी सरकी. कापूस पिकवतो शेतकरी. तो हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या जिनिंगमध्ये जातो, सरकीचं तेल निघतं, आणि उरलेली ढेप तोच शेतकरी किरकोळ भावाने परत विकत घेतो. ती बाई दोन किलो ढेप घेत होती तेव्हा कदाचित स्वतःच्याच वावरातलं काही परत नेत होती. उत्पन्नाची बाजू पाहा. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात शेतकऱ्यांना त्याहून कमी भावाने माल द्यावा लागला.

"इकून टाका" म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. कायद्याच्या बऱ्या-वाईटावर वेगळं बोलता येईल. पण त्यानंतर म्हाताऱ्या बैलाला आणि भाकड गाईला बाजारात गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं, हे कुठल्याही गुरांच्या बाजारात उभं राहिलं की कळतं. दुभती गाय विकली तर रोजचं दूध जातं. भाकड विकायला नेली तर भाडं खर्चून परत आणावी लागते.

या समजाचा जुळा भाऊही आहे: गरिबाला एक गाय द्या, गरिबी जाईल. वर्ध्याने हाही प्रयोग पाहिला आहे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वर्धा त्यात होता. त्यात शेतकरी कुटुंबांना जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई द्यायच्या होत्या. किमतीचा काही हिस्सा लाभार्थ्याने भरायचा होता. त्याच वर्षी पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त या गाई मिळालेल्या घरांची कहाणी लिहिली. त्यात आपल्याच जिल्ह्यातली एक शेतकरी विधवा होती. घरातली सगळी माणसं मिळून जेवढं खातात त्याहून ही गाय जास्त खाते, अशी तिची तक्रार होती. ती अतिशयोक्ती नव्हती. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला रोज पाच-साडेपाच किलो खुराक, शिवाय हिरवा आणि वाळला चारा लागतो. पाण्याची सोय नसलेल्या घराने तो कुठून आणायचा? आर्वी आणि कारंजा भागातली आपली गवळाऊ गाय थोडं दूध देते, पण ऊन सोसते आणि रानात चरून पोट भरते. नंद गवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिच्या पैदाशीसाठी सरकारचंच प्रक्षेत्र हेटीकुंडीला आहे. तिच्या जिल्ह्यात, चारा नसलेल्या घरांत परक्या जातीच्या गाई बांधल्या गेल्या.

दुसरा समज: "रेशन फुकट आहे, मग खर्च कसला?" प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. दिवसाला १६७ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही, गॅस नाही. शिवाय प्रत्येकाला धान्य मिळतच नाही. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत नागपूर विभागातून एकटा वर्धा आहे. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन रुपयांचा गहू आणि तीन रुपयांचा तांदूळ मिळायचा. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये सुरू झाले, २०२४ मध्ये ते १७० झाले. दिवसाला पावणेसहा रुपयेसुद्धा होत नाहीत. केंद्राच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या सर्वेक्षणात ग्रामीण घराच्या शंभर रुपयांतले सुमारे ४७ अन्नावर जातात आणि त्यातही तृणधान्यावर फक्त ५ च्या आसपास. बाकी फी, औषध, प्रवास, कपडे, मोबाइल. तो खर्च रेशन दुकानात भागत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. जनावराचा डॉक्टर परवडत नाही, म्हणतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्क असतं, लाळ-खुरकुताची लस फुकट मिळते, आणि १९६२ वर फोन केला तर फिरतं पथक मागवता येतं. कुत्र्याला पाकिटातलंच खाणं लागतं असंही नाही. मात्र नुसत्या दूध-पोळीवर ते अशक्त राहतं. अधूनमधून अंडं किंवा उकडलेलं मांस द्या, कांदा आणि मनुका कधीच देऊ नका. मांजर तर मांसाहारीच आहे, दुधावर जगत नाही. आणि घरचं कुत्रं चावलं तर हळद-चुना लावून बसू नका. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मोफत आहे, तिचे सगळे डोस घ्या. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही.

त्या ढेपीच्या दुकानात मी काही बोललो नाही, ते चुकलं. म्हणून इथे वाचकांना एक विनंती करतो. सोयाबीनची मळणी झाली की बऱ्याच वावरांत कुटाराचा ढीग पेटवून देतात. यंदा पेटवू नका. गावात ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला निरोप द्या. तो स्वतः बंडी घेऊन येईल आणि शेवटच्या काडीपर्यंत भरून नेईल.